फोन म्हणतो मी समुद्रसपाटीच्या ६३ मीटर खाली आहे. आणि त्या 'जीपीएसवाल्या बाईं'चं खरं काय?

पायवाटी (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न दोन आहेत, पण मला वाटतं त्यांची गाठ एकच असावी.

दिवाळीत मुरूडला गेलो होतो (जंजिऱ्याचं मुरूड, दापोलीचं नव्हे). संध्याकाळची वेळ, ओहोटी लागलेली, मी ओल्या वाळूत घोट्यापर्यंत पाण्यात उभा. ट्रेकला वापरतो ते उंची दाखवणारं ॲप सहज चाळा म्हणून उघडलं. उंची: उणे ६३ मीटर. म्हणजे वीस मजली इमारत माझ्या डोक्यावर उभी राहील इतका मी खाली! फोन बंद करून चालू केला, आकाशाकडे धरला, दहा मिनिटं थांबलो. उणे ६१, उणे ६४, उणे ६३. शेजारी भाचा उभा होता, त्याच्या फोनवर ४ मीटर. त्याने माझ्या फोनकडे आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती सांगत नाही.

आता आठवतंय की गडांवरसुद्धा माझा फोन पाटीपेक्षा कमीच दाखवतो. पाटीवर उंची फुगवून लिहिली असणार अशी माझी आजवर समजूत होती. गडांची माफी मागतो.

दुसरा प्रश्न. महिलादिनाला आमच्या घरच्या ग्रुपवर एक ढकलपत्र आलं होतं. 'जीपीएसचा शोध लावणारी कृष्णवर्णीय महिला, जिचं नाव इतिहासाने पुसून टाकलं.' नाव ग्लॅडिस वेस्ट. त्यात लिहिलं होतं की या बाईंनी 'पृथ्वीचा आकार शोधला'. मेहुणे म्हणाले भंपक आहे, पृथ्वी गोल आहे हे चौथीच्या पुस्तकात असतं. बहीण म्हणाली बाईने काही केलं की तुम्हाला भंपकच वाटतं. विषय तिथून चिघळला, तो इथे नको.

तर या बाईंनी नेमकं केलं काय? आणि माझ्या उणे ६३ चा त्यांच्याशी काही संबंध आहे का?

---

खेकडा

ओहोटी जरा जास्तच लागली असेल.

---

तिसरा_डोळा

पायवाटी, मेहुणे अर्धे बरोबर आहेत. जीपीएस हा कुणा एकाचा शोध नाही. अमेरिकन लष्कराचा प्रकल्प, पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये गेला. पार्किन्सन, ईस्टन, गेटिंग ही नावं त्यासाठी घेतली जातात. बाईच हवी असेल तर हेडी लामार घ्या, हॉलिवूडची नटी. तिने जीपीएस आणि वायफाय दोन्हींचं तंत्र शोधलं होतं, पेटंटच आहे तिच्या नावावर. वेस्ट वगैरे अलीकडे चढवलेलं प्रकरण दिसतं.

---

लॉगटेबल

पायवाटी, तुमचा फोन शहाणा आहे. त्याने खरंच सांगितलंय. फक्त तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलंय.

आधी मी कोण ते सांगते. वय ७१, मुक्काम पुणे. एकतीस वर्षं सर्वेक्षणाच्या एका कचेरीत आकडेमोड केली. हुद्दा: कॉम्प्युटर. नेमणुकीच्या कागदावर तसंच टाइप केलेलं होतं. लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी विचारलं, 'मुलगी कॉम्प्युटर आहे म्हणजे नक्की काय आहे?' वडील म्हणाले, 'हिशेब करते.' 'कुणाचे?' 'डोंगरांचे.' तेव्हा टेबलावर यंत्र असायचं ते हाताने फिरवायचं फॅसिट, आणि बाजूला सात आकडी लॉगची पुस्तकं. माझं इथलं नाव त्यावरूनच.

आता तुमचं मुरूड.

घरातली जुनी कापसाची गादी डोळ्यांसमोर आणा. कुठे कापूस गोळा झालाय, कुठे बसलाय. तिच्यावर एक चादर ताणून घातली तर वरून सगळं गुळगुळीत दिसतं. पृथ्वीचं तसंच आहे. चादर म्हणजे गणिताचा लंबगोल: विषुववृत्तापाशी त्रिज्या ६३७८ किलोमीटर, ध्रुवांकडे साधारण २१ किलोमीटर कमी. सूत्रात बसतो, म्हणून सोयीचा. जीपीएसच्या उपग्रहांचे सिग्नल ऐकून फोन तुमची उंची काढतो ती या चादरीपासून.

समुद्र मात्र गादीप्रमाणे वागतो. वारा, भरती, प्रवाह सगळं थांबवलं तर पाणी जिथे स्थिर राहील, त्या पृष्ठाला भूगणिती लोक जिऑइड म्हणतात. पृथ्वीच्या पोटात कुठे जड खडक, कुठे हलका, त्यामुळे गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसतं, आणि पाणी त्याच्या मागे जातं. न्यू गिनीजवळ हे पृष्ठ चादरीच्या ऐंशीएक मीटर वर आहे. आणि जगातला सर्वांत खोल खळगा कुठे आहे ठाऊक आहे? आपल्याच हिंदी महासागरात, श्रीलंकेच्या दक्षिणेला. चादरीपेक्षा तब्बल १०६ मीटर खाली. जहाजाला त्यातून जाताना काही कळत नाही, कारण तिथेही लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मधोमधच राहतो. तो उतार उतारासारखा वागतच नाही.

कोकणचा किनारा या खळग्याच्या चढावर आहे. आपल्याकडे समुद्रसपाटीच चादरीच्या साठ ते सत्तर मीटर खाली. तुमच्या ॲपने चादरीपासूनची उंची जशीच्या तशी दाखवली. भाच्याच्या फोनमध्ये जिऑइडचा तक्ता आहे, त्याने दुरुस्ती करून मग दाखवली. दोन्ही फोन बरोबर.

आणि आपल्या टोपोशीटवरच्या, म्हणजे सर्वेक्षणाच्या नकाशांवरच्या उंच्या? त्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून आल्या. ९ बंदरांतल्या नोंदी धरून १९०९ साली देशभरच्या लेव्हलिंगचं जाळं बांधलं. त्यात मुंबईचं अपोलो बंदर आहे. तिथून पट्टी आणि दुर्बीण घेऊन माणसं पायी पायी देशभर गेली. जमिनीवर हे जमतं. समुद्रावर पट्टी कुठे रोवणार? आणि पृथ्वीचा सत्तर टक्के भाग पाणीच आहे.

इथे वेस्टबाई येतात.

जन्म ऑक्टोबर १९३०, व्हर्जिनियातल्या डिनविडी काउंटीत. शेतात कापूस, तंबाखू, मका. आई तंबाखूच्या कारखान्यात कामाला. शाळेत पहिल्या आलेल्यांना कॉलेजची शिष्यवृत्ती मिळते हे कळल्यावर बाई पहिल्या आल्या, १९४८ साली. गणित घेऊन पदवी, दोन वर्षं मास्तरकी, मग एम. एस्सी. १९५६ साली डालग्रेन इथल्या नौदलाच्या केंद्रात लागल्या. तिथे नेमलेल्या त्या दुसऱ्या कृष्णवर्णीय बाई. पुरुष धरूनही कृष्णवर्णीय कर्मचारी चारच. त्यातल्याच एका गणितज्ञाशी, आयरा वेस्ट यांच्याशी, पुढच्या वर्षी लग्न. (हे वाचून मला बरं वाटलं. ज्याला कामाचं काही समजावून सांगावं लागत नाही असा नवरा.)

डालग्रेनला तेव्हा नॉर्क नावाचं अवाढव्य गणनयंत्र होतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला प्लूटो आणि नेपच्यून यांच्या भ्रमणाचा हिशेब त्यावर झाला. नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या दोन, आणि हे गणित बिघडत नाही, हे त्यातून दिसलं. पाच अब्ज आकडेमोडी, यंत्राचे शंभर तास. वेस्टबाई त्या गटात होत्या. गंमत म्हणजे प्लूटो सापडला १९३० मध्ये, बाई जन्मल्या त्याच वर्षी.

पण मला त्यांचं पुढचं काम जवळचं वाटतं. १९७८ साली सीसॅट नावाचा उपग्रह गेला. त्याच्यावर एक रडार होतं, सरळ खाली पाण्याकडे रोखलेलं. ८०० किलोमीटरवरून ठोका मारायचा, तो पाण्यावर आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा. एका सेकंदाच्या हजाराव्या भागातले पाच-साडेपाच भाग, एवढाच वेळ. त्यातून पाण्याची उंची १० सेंटिमीटरपर्यंत काढायची. म्हणजे वेळ सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही खाली धरायला हवी. सीसॅटच्या या रडार-मापनाच्या प्रकल्पप्रमुख वेस्टबाई होत्या.

आता कुणी म्हणेल, वेळ मोजली, निम्मी केली, प्रकाशाच्या वेगाने गुणली, झालं. नाही हो. खरं काम तिथून पुढे. ठोका हवेतून जातो तेव्हा मंदावतो. कोरड्या हवेमुळेच अंतर सव्वादोन मीटरच्या वर जास्त भरतं. ते वजा करा. हवेतली वाफ रोज वेगळी, ती वजा करा. वर विद्युतभारित थर आहे, तो दिवसा एक आणि रात्री एक, तोही वजा करा. भरती होती की ओहोटी? लाटा किती उंच? लाटेचा खळगा ठोका चांगला परतवतो, माथा तो विखुरतो, म्हणून समुद्र आहे त्यापेक्षा खाली भासतो. ते वर घ्या. आणि मुळात ज्या उपग्रहावरून मोजताय तो त्या क्षणी नेमका कुठे होता? त्याची कक्षा याच ओबडधोबड गुरुत्वाकर्षणाने हलते, जे तुम्ही शोधायला निघालायत. म्हणजे पट्टीने टेबल मोजायचं आणि त्याच टेबलाने पट्टी तपासायची. फिरून फिरून तेच, दर फेरीला थोडी चूक कमी.

सीसॅट शंभरच दिवस जगला, शॉर्टसर्किट होऊन ऑक्टोबरमध्ये गेला. पण तेवढ्यात जे आलं ते निवडून, धुऊन, वापरता येईल असं करायचं काम उरलंच. बाईंनी जादा तास बसून गटाच्या कामाचा वेळ निम्म्यावर आणला, आणि १९७९ मध्ये त्यांच्या वरिष्ठांनी गौरवासाठी त्यांची शिफारस केली. १९८५ ला जिओसॅट गेला. त्याच्या मापनांवर प्रक्रिया कशी करायची, याचा पन्नासेक पानांचा तांत्रिक अहवाल १९८६ चा. लेखक: ग्लॅडिस वेस्ट.

म्हणून 'जीपीएसचा शोध लावला' हे चूक, आणि 'अलीकडे चढवलेलं प्रकरण' हेही चूक. जीपीएसच्या मुळाशी पृथ्वीचं जे गणिती रूप आहे, ते नेमकं होत गेलं त्यात या बाईंची काही दशकं आहेत. ते रूप नसतं तर उपग्रह उद्या कुठे असेल ते अचूक सांगता आलं नसतं, आणि भाच्याच्या फोनवर ४ हा आकडा उमटला नसता.

राहिलं ते 'नाव पुसलं'. पायवाटी, मला हे वाक्य खटकतं. नाव पुसलेलं नव्हतं. अहवालावर छापलेलं होतं. फक्त ज्या जातीचं ते काम आहे, ते कुणी वाचत नाही. जिओसॅटची सुरुवातीची मोजमापं तर १९९५ पर्यंत गुप्तच होती. बाई १९९८ ला, ४२ वर्षांनी निवृत्त झाल्या. मग पक्षाघाताचा झटका आला. त्यातून उठून २००० साली लोकप्रशासनात पीएच. डी. केली. आणि जगाला कळलं कसं? २०१८ च्या सुमारास त्यांच्या कॉलेजजीवनातल्या भगिनीमंडळाच्या एका कार्यक्रमासाठी त्यांनी स्वतःची चार ओळींची ओळख लिहून दिली. ती वाचून मंडळातली एक बाई चमकली. तिथून बातमी झाली. त्याच डिसेंबरात अमेरिकन हवाईदलाच्या अंतराळ-अग्रणींच्या मानपटावर नाव चढलं, २०२१ मध्ये ब्रिटनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगचं प्रिन्स फिलिप पदक मिळालं, आणि ते मिळणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

पुसलेलं नाव कसं असतं ते मी सांगते. १९८० च्या आसपासची गोष्ट. लेव्हलिंगची एक लांब साखळी आमच्याकडे गणनाला आली. नियम असा की दोघींनी वेगवेगळ्या टेबलांवर, एकमेकींचं न बघता करायचं आणि शेवटी ताळा घ्यायचा. मी आणि माझी मैत्रीण. ताळा जमला, शेवटच्या आकड्यापर्यंत. पण साखळी मिटेना, म्हणजे शेवटी जी उंची यायला हवी ती येईना. ९ सेंटिमीटरचा फरक. साहेब म्हणाले, पथक परत पाठवावं लागेल. मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून त्या ९ कडे बघत बसले. माझे वडील सराफाच्या पेढीवर दिवाणजी होते. ते म्हणायचे, चुकीला नवाने भाग गेला की आकडे उलटे पडलेत असं समज. आम्हा दोघींना मूळ वही दिलेलीच नव्हती, एकच नक्कल दिली होती. मूळ वह्या मागवल्या. तिसऱ्या दिवशी, एकोणचाळिसाव्या पानावर सापडलं: वहीत १.३४७, नकलेत १.४३७. वहीवर ऊन आणि घामाचे डाग होते, पण आकडा स्वच्छ होता.

पथक परत गेलं नाही. अहवालात आमची आद्याक्षरं होती, पानाच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात, बारीक टायपात: 'गणन', 'ताळा'. पुढे तो अहवाल पुन्हा छापला तेव्हा कागदाचा आकार बदलला, आणि कोपरे कापले गेले. कुणी मुद्दाम केलं नाही. समासात बसत नव्हतं, एवढंच.

चूभूद्याघ्या. फार लांबलं.

---

खेकडा

आजी, दंडवत. माझा वरचा प्रतिसाद उडवता येतो का?

---

लॉगटेबल

राहू दे रे. विनोद बरा होता.

---

कोरा_सिग्नल

लॉगटेबल काकू, वाचनखूण साठवली.

तिसरा_डोळा यांच्यासाठी. टेलिकॉममध्ये बावीस वर्षं झाली, म्हणून हेडी लामारबद्दल बोलतो, कारण हे दर महिलादिनी कानावर येतं. पेटंट खरं आहे. ऑगस्ट १९४२, हेडी किस्लर मार्की या नावाने, जोडीला संगीतकार जॉर्ज अँथाइल. कल्पना अशी की पाणतीराला दिलेला रेडिओ-हुकूम शत्रूला अडवता येऊ नये म्हणून तो एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर उड्या मारत जावा. दोन्हीकडे पियानोच्या आपोआप वाजणाऱ्या पेटीसारखी छिद्रांची पट्टी, आणि फ्रिक्वेन्सी ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच. फार देखणी कल्पना आहे.

पण जीपीएस उड्या मारत नाही. आपले फोन ऐकतात तो नागरी सिग्नल सगळे उपग्रह एकाच फ्रिक्वेन्सीवर पाठवतात, १५७५.४२ मेगाहर्ट्झ. प्रत्येकाचा कोड वेगळा, १०२३ ठोक्यांचा, दर हजारांश सेकंदाला तोच पुन्हा. फोन त्या गलक्यातून ज्याचा त्याचा कोड ओळखतो. भाजीमंडईत सगळे एकाच वेळी ओरडत असतात, तरी आपल्या आईची हाक कळते ना, तसं. दोन्ही तंत्रांचं कूळ एक म्हणता येईल, पण आत्याच्या नातवाला मुलगा म्हणू नये.

लामारबाईंचं कौतुक करायला पेटंट पुरेसं आहे. त्यावर जीपीएस आणि वायफाय चढवायची गरज नाही.

---

तिसरा_डोळा

मान्य. मीही ते ढकलपत्रातूनच उचललं होतं. घाईत लिहिलं.

---

डेकवरून

मर्चंट नेव्हीतून निवृत्त. काकूंच्या 'कॉम्प्युटर' हुद्द्यावरून आठवलं म्हणून थोडं अवांतर.

आम्ही परीक्षेसाठी सेक्स्टंट (तारा क्षितिजापासून किती वर आहे ते मोजायचं यंत्र) आणि नॉटिकल अल्मनॅक घेऊन घोकायचो. सूर्य, चंद्र, तारे कुठल्या क्षणी कुठे असतील याचे तक्ते त्यात असतात. तारा मोजायचा, तक्ता बघायचा, जहाज कुठे आहे ते काढायचं. उपग्रह आले तरी कपाटात अल्मनॅक असायचाच. हे तक्ते १७६७ सालापासून ब्रिटनमध्ये निघतात. सुरुवातीला ते मांडायचे घरबसल्या काम करणारे हिशेबनीस. त्यांनाही 'कॉम्प्युटर'च म्हणत. त्यात श्रॉपशरमधल्या लडलो गावचे एक पाद्री होते, जॉन एडवर्ड्स. १७८४ मध्ये ते वारले. तेव्हा त्यांच्या बायकोने, मेरीने, ग्रीनिचच्या वेधशाळेच्या मुख्याला कळवलं की काम चालू ठेवू द्या, कारण इतके दिवस बहुतेक हिशेब मीच करत होते. मुख्य मॅस्केलिन यांनी काम तिच्याकडेच ठेवलं. तिने त्यावर घर चालवलं. १८१५ ला ती गेल्यावर मुलगी एलायझाने चालू ठेवलं. १८३२ मध्ये सगळं काम लंडनच्या एका कचेरीत आणलं आणि एलायझाचं काम संपलं. कारण सरकारी कचेरीत बाई चालत नसे. घरून चालत होती.

त्या तक्त्यांवर भरवसा ठेवून किती जहाजं मुंबई बंदरात आली असतील, देव जाणे.

---

लॉगटेबल

डेकवरून, हे मला ठाऊक नव्हतं. 'घरून चालत होती' हे वाक्य मैत्रिणीला फोन करून वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'आपल्याला निदान पंखा होता.'

---

पायवाटी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, विशेषतः काकूंचे. बहिणीला आणि मेहुण्यांना धाग्याचा दुवा पाठवला. दोघेही म्हणतायत की मी म्हणत होतो/होते तेच निघालं. शांतता आहे.

आता एक शंका. गेल्या रविवारी मुद्दाम कळसूबाईला गेलो. पाटीवर १६४६. माझ्या फोनवर शिखरावर १५८४. म्हटलं चला, काकूंची दुरुस्ती लावू. तिथे जिऑइड उणे ६० च्या घरात धरला. १५८४ मधून ६० वजा केले, १५२४ आले. फरक कमी व्हायच्या ऐवजी वाढला! आधी ६२ मीटर होता, आता १२२. म्हणजे गणित किनाऱ्यावर चालतं आणि डोंगरावर नाही का?

---

लॉगटेबल

पायवाटी, फोनच्या उंचीतून जिऑइड वजा करायचा हे बरोबर. पण जिऑइड उणे आहे. उणे वजा केलं की काय होतं?

---

पायवाटी (धागाकर्ता)

१६४४.

---

लॉगटेबल

उरलेले २ मीटर तुमच्या फोनचे. एवढी चूक मी साहेबांकडे नेली नसती.

---

खेकडा

पायवाटीकाका, भाचा सोबत होता का?

---

पायवाटी (धागाकर्ता)

होता.